मरळीच्या मागावर

पार्सल आलं तेव्हा मी ब्लाउजला हूक लावत बसले होते. चिखलीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं शिवणकाम चालतं, त्यामुळे घरात येणारी प्रत्येक वस्तू आधी माझ्या मशीनवर टेकते. हे पार्सल काही टेकेना. लांबलचक, पुठ्ठ्याची नळी. मला वाटलं, पडद्याचा रॉड असेल. पण नाव सासऱ्यांचं होतं.

"मामाजी, तुमच्या नावानं काहीतरी आलंय!" मी हाक मारली.

ते आतून जवळजवळ पळतच आले. सासूबाई गेल्यापासून मी त्यांना इतक्या घाईनं कुठेही जाताना पाहिलं नव्हतं. एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतरही शेजारपाजारच्या गाड्या दुरुस्त करत ते दिवसभर ग्रीसमध्ये माखलेले असायचे. सासूबाई गेल्या आणि पाने-पक्कड पेटीत गेले. मग ते मोबाईल घेऊन खुर्चीत बसायला लागले. मशीनवर बसल्या बसल्या मला आतून पाण्याचा खळाळ ऐकू यायचा, आणि कुणीतरी परदेशी माणूस आनंदानं ओरडायचा. काय पाहतात ते मी कधी विचारलं नाही.

नळीतून निघाली मासे पकडायची काठी. दोन तुकडे, एकमेकांत बसणारे. सोबत एक चरखी, विणीच्या हिरव्या दोऱ्याचं रीळ आणि एका पारदर्शक डबीत प्लास्टिकचा बेडूक. बेडकाच्या पाठीवर दोन गळ, पाठीला चिकटून वर वळलेले.

"मामाजी, आपल्या घरात मासळी शिजत नाही. हा मासा खायचा कोणी?"

"खायाचा नाई," ते काठीचे तुकडे जोडत म्हणाले. "पाह्याचा."

मग त्यांनी मला मोबाईलवर दाखवलं. तळ्याच्या काठी उभा एक गोरा माणूस, होडी नाही, जाळं नाही. तो झाडोऱ्यावर बेडूक फेकतो, हळूहळू ओढतो, आणि पाणी एकदम फुटतं. "हा बास मासा. रुंद जबड्याचा. शिकारीमागं पळत नाई, दबा धरून बसते. आपल्या इकडं बास नाई. पण मरळ हाय ना! तिची चाल तशीच असते. शेवाळाखाली बसते, वरून काई गेलं का घेते."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मले काई माईत नाई. म्हून तं मागोलं."

त्यांचं हे वेड कुठून आलं, ते मला त्या रात्री जेवताना कळलं. त्यांचं बालपण लोणारजवळच्या खेड्यात गेलं. तिथलं ते प्रचंड तळं, खारं, सोड्याचं. त्यांच्या लहानपणी त्यात मासा नव्हताच. "एवढं मोठं पाणी अन् आत काईच नाई," ते म्हणाले. "मी काठावर बसून पाह्यत राह्याचो. आता हालंल, मंग हालंल. पाणी हालाचं, पण थे वाऱ्यानं. तवापासून मले वाटे, ज्या पाण्यात काई हाय थे पाणी कसं दिसत असंल?"

माझा नवरा बुलढाण्याला सरकारी कचेरीत जातो, रोज बसनं. त्यानं भाकरी मोडता मोडता विचारलं, "बाबा, या वयात काठी घेऊन तलावावर? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, मासा पकडून राह्यला. खोटं तं नाई म्हणत ना?"

नवऱ्यानं पुढची भाकरी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात वर्तमानपत्र पसरून त्यांनी चरखी पूर्ण खोलली. नवीकोरी वस्तू, अजून पाणीसुद्धा पाहिलेली नाही, आणि तिचे सगळे वॉशर ओळीनं मांडलेले. मला हाक मारून त्यांनी एक चकती दाखवली. "हे पाह्य. क्लच प्लेटच हाय. मासा जोरात ओढंल तवा दोरा तुटू नये म्हून हे घसरते. वरची चकरी फिरोली का कमीजास्त करता येते." त्यांच्या नखांत पुन्हा ग्रीस दिसलं. मला बरं वाटलं.

दोरा बांधायची वेळ आली तेव्हा मात्र ते अडले. विणीचा दोरा गुळगुळीत असतो, साधी गाठ त्यात टिकत नाही, सरकते. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. गळाचं नेढं त्यांना दिसत होतं तेही अंदाजानं. मी गाठ बांधायला घेतली. दुहेरी दोरा नेढ्यातून काढायचा, त्याची सैल गाठ मारायची, आणि त्या फासातून अख्खा बेडूक ओवून घ्यायचा. ओढण्याआधी मी सवयीनं गाठ ओठात ओली केली. ते एकदम म्हणाले, "तो गोराही असंच करते! काऊन करते थे मले समजत नव्हतं."

"कोरडा दोरा ओढला की घासून गरम होतो, कमजोर पडतो. रेशमाचंही तसंच असतं."

आता प्रश्न तलावापर्यंत जायचा. डॉक्टरांनी त्यांना स्कूटर चालवायची मनाई केली होती. नवरा सकाळी बस पकडायचा. उरले मी. पहाटे स्वयंपाक उरकून, दुकान उघडायच्या आत परत यायचं, असं ठरलं. मी फक्त गाडी चालवणार, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

त्याआधी फेकायचा सराव झाला, घरामागच्या रिकाम्या प्लॉटवर. बेडकाऐवजी दोऱ्याला एक जुना नट बांधला. चरखीवर तारेची एक कमान असते. ती उघडली की दोरा मोकळा होतो, म्हणून तो तर्जनीनं धरून ठेवायचा, काठी मागून पुढे आणायची आणि ऐन वेळी बोट सोडायचं. हे 'ऐन वेळी' म्हणजे केव्हा, ते कोणी सांगू शकत नाही. बोट लवकर सुटलं की नट आकाशात जातो. उशिरा सुटलं की पायाशी आपटतो. मामाजींचा एक नट शेजारच्या काकूंच्या खाटेवर वाळत घातलेल्या कुरडयांत जाऊन पडला.

काकू बाहेर आल्या. त्यांनी नट उचलून पाहिला, मग दोरा पाहिला, मग दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला उभे असलेले मामाजी पाहिले. "भाऊ, आता माणसं पकडून राह्यले का?"

त्यांचं हसणं थांबेपर्यंत मामाजी खाली मान घालून दोरा गुंडाळत होते. मीही हसत होते. मग मी म्हणाले, "मी एकदा टाकून पाहू?"

माझा नट सरळ गेला. फार लांब नाही, पण सरळ. बोटातून दोरा सुटताना जी हलकीशी ओढ लागते ती मला इतकी आवडली की मी पुन्हा टाकला. आणि पुन्हा. त्या दिवशी एका बाईचा ब्लाउज वेळेवर तयार झाला नाही.

आमचा तलाव गावाबाहेर, डांबरी रस्ता सोडून कापसाच्या शेतांमधून जाणाऱ्या वाटेवर आहे. एका बाजूला बांध, उरलेल्या बाजूंना बेशरमाची झुडपं आणि लव्हाळा. तिथली मासेमारी एका सोसायटीकडे आहे. पहिल्याच दिवशी त्यांचा एक माणूस बांधावर भेटला. मामाजींनी रीतसर विचारलं. तो म्हणाला, काठीनं पकडायचं तर पकडा, फक्त जाळ्यांच्या बाजूला जाऊ नका. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "ह्या काऊन आल्या?"

"ह्या ड्रायव्हर हायत," मामाजींनी सांगितलं.

पहिले काही आठवडे मासा सोडाच, माशाची सावलीही दिसली नाही. आम्ही काय चुकतोय हेच कळत नव्हतं. आम्ही गाडी लावायचो, बोलत बोलत थेट काठापर्यंत जायचो. आमच्या पावलांसरशी काठावरचे बेडूक टपाटप पाण्यात उड्या मारायचे. एकदा मामाजी मध्येच थांबले आणि म्हणाले, "थांब. हे बेडूक पळून राह्यले म्हंजे मासाही पळत असंल. आपण येऊन राह्यलो हे त्याले आपल्याआधी समजते."

तेव्हापासून आम्ही काठापासून बरेच अलीकडे थांबू लागलो. सूर्य समोर ठेवायचा, म्हणजे सावली मागे पडते. पाऊल टाकायचं ते शेतात साप दिसल्यासारखं. मी साडी सोडून मळकट हिरवा ड्रेस घालू लागले. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, पहिली फेक तलावाच्या मध्यात करायची नाही. काठावर उभ्या माणसाला नेहमी वाटतं की मासा लांब, खोल पाण्यात असणार. पण बेडूक, किडे, चिंगळ्या सगळं काठाला असतं. मग मरळ लांब कशाला जाईल? बेडूक काठाला समांतर टाकायचा आणि शेवाळाच्या कडेकडेनं आणायचा. दोन झटके, मग थांबा. खरा बेडूकही सतत पोहत नाही, मध्येच थांबून विचार करतो.

हे सगळं आम्हाला एकदम सुचलं नाही. काही मोबाईलवरून कळलं, काही बेडकांकडे पाहून, आणि बरंचसं चुकून. मला त्यात गंमत वाटायला लागली होती. दुकानात कुणाचं माप घेता घेताही डोक्यात यायचं, ढगाळ दिवशी मरळ कुठे बसत असेल? तिला वरचा बेडूक दिसतो म्हणजे नक्की काय दिसतं? पोट? सावली? पाण्यावरची थरथर? मी घरी बादलीत प्लास्टिकचा बेडूक सोडला आणि काचेचा जार बुडवून त्यातून खालून पाहायचा प्रयत्न केला. नवऱ्यानं दारातून डोकावून विचारलं, "काय करून राह्यली?" मी म्हटलं, "मासा होऊन पाहतेय." तो चहा ठेवायला गेला.

मग एका सकाळी पाणी फुटलं. मामाजींचा बेडूक लव्हाळ्याच्या तोंडाशी थांबलेला होता. खालून कुणी तरी दार आपटावं तसा आवाज आला आणि बेडूक नाहीसा झाला. मामाजींनी दोन्ही हातांनी काठी मागे खेचली. बेडूक पाण्यातून सुटला, गोफणगुंड्यासारखा आमच्याच अंगावर आला आणि त्यांच्या टोपीत रुतला.

दोघंही जागच्या जागी बसलो. डोळ्यापासून तो गळ फार दूर नव्हता.

घरी आल्यावर त्यांनी कानस काढली आणि गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा घासून पार सपाट केला. "मासा सुटला तं सुटू दे," ते म्हणाले. "पण आपल्याले रुतला तं निघाले पाह्यजे." टोपीचं भोक मी रफू करून दिलं.

तो बेडूक पुढे एका बाभळीच्या फांदीत अडकला आणि तिथेच राहिला. पार्सलला वेळ लागणार होता. मी जुन्या रबरी चपलेचा तळ घेतला, कात्रीनं बेडकासारखा कापला, कानशीनं गोल केला. पाय करायला साडीच्या गोंड्यांचे उरलेले रेशमी धागे. पाठीवर बाजारातून आणलेले दोन गळ बसवले, त्यांचेही उलटे काटे मामाजींनी आधीच घासून टाकले. पहिला बेडूक पाण्यात सोडला तर उताणा झाला, गळ खाली आणि पोट वर. मामाजी बादलीशी उकिडवे बसून बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी शेपटाकडच्या बाजूला पोटात शिशाचा एक लहानसा तुकडा बसवला. बेडूक सरळ झाला, मागचं अंग थोडं बुडालेलं, तोंड वर. "आता बसला जिवंत बेडकावानी," ते म्हणाले. रंग काळा ठेवला, कारण माझ्याकडे तीच चप्पल होती.

पहिली मरळ त्या चपलेच्या बेडकाला लागली, आणि काठी माझ्या हातात होती. पाणी फुटल्यावर लगेच ओढायचं नाही, मासा बेडूक घेऊन खाली वळेल आणि दोऱ्यावर वजन येईल तेव्हाच ओढायचं, हे आम्ही शंभरदा एकमेकांना सांगितलं होतं. मी थांबले, पण शहाणपणानं नाही. घाबरून माझे हातच गोठले होते. मामाजी शेजारून पुटपुटत होते, "थांब, थांब, थांब..." मग दोरा आपोआप ताठ झाला, काठी वाकली, आणि ते ओरडले, "आता!"

दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी जिवंत असणं ही काय गोष्ट आहे, ते मला नीट सांगता येत नाही. ओढ डोळ्यांना दिसण्याआधी कोपरापर्यंत पोचते. ती शेवाळात शिरू पाहत होती, मी काठी आडवी करून तिला बाहेर वळवत होते. चरखीतली ती चकती करकर घसरत होती. शेवटी मामाजी गुडघाभर पाण्यात उतरले आणि तिला ओल्या पोत्यावर घेतलं.

सापासारखं डोकं, अंगावर काळपट पट्टे, पोटाशी पांढरट ठिपके. आम्ही दोघंही वाकून पाहत होतो. ती तोंड उघडून हवा घेत होती. मरळीला हवेतला श्वास लागतो, म्हणून ती मधूनमधून पाण्यावर येते, हे वाचलं होतं. पण समोर एक मासा आपल्यासारखा श्वास घेतोय हे पाहणं वेगळं. मामाजींनी हात ओले केले, गळ हलकेच मागे सरकवून काढला. काटा घासलेला असल्यानं तो लगेच निघाला. मग त्यांनी तिला पाण्यात धरलं. ती क्षणभर त्यांच्या हातात स्थिर राहिली, आणि नाहीशी झाली.

"पाह्यली," ते म्हणाले. बस, एवढंच.

पावसाळा भरात आला. तोवर आणखी काही मरळी लागल्या, आम्ही त्या पाहिल्या आणि सोडल्या. तलाव भरला, बेशरमाची अर्धी झुडपं पाण्यात गेली. एका उघडिपीच्या सकाळी मी काठावरून चालत असताना पाण्यात लाल काहीतरी हलताना दिसलं. आधी वाटलं, देवाची कुंकू-फुलं कुणीतरी सोडली असतील. पण ते वाऱ्याच्या उलट जात होतं. जवळून पाहिलं तर बारीक बारीक पिल्लं, तांबूस केशरी, शेकड्यांनी. सगळा घोळका एकदम वर यायचा, पाण्यावर पावसाच्या थेंबांसारखे टिपके उठायचे, आणि पुन्हा खाली जायचा.

मी मामाजींना खुणेनं बोलावलं. त्यांना नीट दिसत नव्हतं, पण मी वर्णन करताच त्यांचा आवाज बदलला. "मरळीचे पिल्लं! म्हंजे खाली मायबाप असतीन. व्हिडिओत सांगतात, अशा वेळी बेडूक टाकला का शंभर टक्के मारते."

"भूक लागलेली असते?"

"असंल. टाकून पाह्य ना."

"तुम्ही टाका."

मी दिशा सांगितली, त्यांनी फेकलं. आता त्यांची फेक छान पडायची. बेडूक घोळक्याच्या पलीकडे पडला आणि पिल्लांवरून येऊ लागला. पाणी उसळलं. बेडूक हवेत उडाला, पण मरळीनं तो तोंडात घेतला नव्हता. नुसती धडक दिली होती. दुसऱ्यांदा तेच. मी काठावरून वाकून पाहत होते, मला तिचं डोकं स्पष्ट दिसलं. तोंड बंद होतं.

"मामाजी, ती खात नाहीये. हाकलतेय."

पण तोवर तिसरी फेक पडली होती, आणि या वेळी गळ तिच्या जबड्याच्या कडेला लागला. मामाजी तिला ओढत होते. खूप मोठी होती, त्यांना आजवर लागलेल्यांत सगळ्यात मोठी. त्यांचा चेहरा मी पाहायला हवा होता, पण माझी नजर घोळक्यावर होती. तो बिथरला होता. पिल्लं विखुरली, काही काठाकडे आली. झुडपाखालून बोटभर लांबीचे चंदेरी मासे सूं करून आत घुसले. पाण्यावरचे टिपके वेडेवाकडे उठू लागले. बांधाच्या दगडावर बसलेली एक ढोकरी, मातकट रंगाचा बगळाच तो, मान आखडून दोन पावलं पुढे आली.

"काय होऊन राह्यलं?" मामाजींनी विचारलं. त्यांना ऐकू येत होतं, दिसत नव्हतं.

"खातायत. दुसरे मासे पिल्लांना खातायत. ढोकरीपण आली."

मरळ काठाला आली होती. नेहमी ते मरळीला पोत्यावर घेऊन निरखत बसायचे. या वेळी त्यांनी पोत्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाण्यातच वाकून, एका हातानं दोरा धरून, दुसऱ्यानं गळ चाचपून काढला आणि तिला सोडलं. मग मला म्हणाले, "पाह्य. तिकडं गेली का?"

"दिसत नाही."

"जोडी असते म्हणतात. दुसरा असंल ना तथी?"

"माहीत नाही, मामाजी."

मी ढोकरीच्या दिशेनं एक ढेकूळ भिरकावलं. ती उडाली आणि थोड्या अंतरावर जाऊन बसली. आम्ही दोघं चिखलात बसून राहिलो. माझी दुकान उघडायची वेळ होत आली होती, पण उठवेना. मामाजींनी काठी खाली ठेवली होती. थोड्या वेळानं ते हळू आवाजात म्हणाले, "मायले लागला का बापाले, कोण जाणे."

आपण मरळीला 'ती' म्हणतो म्हणून मीही तिला आईच समजून चालले होते. मरळीत नर-मादी दोघंही पिल्लं राखतात, हे मला नंतर कळलं. ती कोण होती ते आम्हाला कधीच कळणार नव्हतं.

बऱ्याच वेळानं, जिथं घोळका होता तिथून दूर, एका बुडालेल्या झुडपाच्या आत मला लाल रंग दिसला. आधीपेक्षा बराच लहान घोळका. मी पाहत राहिले. घोळका वर आला, टिपके उठले, आणि त्याच्या खालून एक रुंद, काळं डोकं वर आलं. त्यानं हवेचा एक घोट घेतला आणि खाली गेलं. जबड्याच्या कडेला पांढरी जखम होती.

"आली," मी म्हणाले. "परत आली. तीच आहे."

"नक्की?"

"जबड्यावर खूण आहे."

मामाजींनी चष्मा काढला, सदऱ्यानं पुसला, पुन्हा घातला आणि तिकडे पाहत राहिले. त्यांना तिथे नुसतं पाणीच दिसत असणार. "जागेवरून हालली नाई ना आता?" ते विचारत होते, आणि मी सांगत होते. घोळका इकडे सरकला. आता वर आला. आता ती पुढे आहे, पिल्लं मागे. त्या दिवशी मी दुकान दुपारी उघडलं.

त्यानंतर मामाजींनी स्वतःच एक नियम करून टाकला, लाल दिसलं की काठी खाली ठेवायची. पण तलावावर जाणं थांबलं नाही. उलट आम्ही त्या घोळक्याचा पाठलागच करू लागलो. पिल्लं मोठी होत गेली तसा त्यांचा लाल रंग उतरत गेला, अंगावर मळकट पट्टा आला. घोळका रोज थोडा विरळ व्हायचा. एके दिवशी तो कुठेच दिसला नाही. बारीक मरळी आपापल्या वाटेनं शेवाळात शिरल्या असाव्यात. मामाजींनी विचारलं, "मायबापाले समजत असंल का, आता पुरे म्हून?" मी म्हटलं, बघूया पुढच्या वर्षी. ते म्हणाले, "हाव, पाहू."

आता ते रात्री जेवताना बोलायचे. नवऱ्याला बळंबळं सगळं ऐकवायचे आणि नवरा चक्क प्रश्न विचारायचा. एका रविवारी तो आमच्याबरोबर आलाही. त्याची पहिलीच फेक त्याच्या स्वतःच्या पाठीमागच्या काटेरी झुडपात गेली आणि बेडूक सोडवण्यातच त्याची सकाळ संपली.

दिवाळीनंतर मामाजींच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, थेंब संपले, आणि डॉक्टरांनी स्कूटरची परवानगी दिली. म्हणजे माझी ड्रायव्हरकी संपली. लग्नसराई तोंडावर होती, माझ्याकडे कापडांचा ढीग साचलेला. मी म्हटलं, बरंच झालं. तरी सकाळी स्कूटर सुरू झाल्याचा आवाज ऐकला तेव्हा मशीनवरचा माझा हात थोडा थांबला.

ते नेहमीपेक्षा लवकर परत आले. काठी कोपऱ्यात उभी केली, पाणी प्याले, आणि माझ्यासमोर स्टुलावर येऊन बसले.

"लागलं काही?"

"नाई. पण एक गोष्ट पाह्यली." ते हातांनी पाण्यात काहीतरी दाखवू लागले. "मधात, जथी बांध वळते तथी. पाणी वर आलं. उसळलं नाई, नुसतं वर आलं, असं, घुमटावानी. अन् मंग बारके बारके मासे सगळे काठाले धावले, दोन-चार तं बाहीर मातीवर पडले. मंग पाणी पुन्हा सपाट."

"मरळ असेल."

"मरळ नाई. मरळीचा आवाज होते. ह्याचा आवाजच नव्हता."

"कासव?"

"कासवाले एवढं कशाले घाबरतीन?" ते थांबले. "रंग पाह्यला नाई म्या. आता दोन्ही डोळे चांगले हायत, दिसते सगळं. पण मी त्याच जागी पाह्यत राह्यलो अन् थे दुसरीकडं गेलं असंल. तू असती तं मी पाणी पाह्यलं असतं अन् तू काठ पाह्यला असता."

मी कात्री बाजूला ठेवली. "उद्या किती वाजता निघायचं?"

"उजाडायच्या आत. लग्नाचे कपडे?"

"दुपारी बसेन."

दुसऱ्या दिवशी चांगलीच थंडी होती. तलावावर धुकं होतं, बांध वळतो तिथलं पाणी दिसत नव्हतं. मी काठाकडे तोंड करून बसले, ते पाण्याकडे. काठी त्यांनी आणली होती, पण जोडली नव्हती. धुकं हळूहळू वर सरकत होतं. शेतातून कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या मोडल्याचा आवाज येत होता.

"काई?" त्यांनी न वळता विचारलं.

"अजून नाही," मी म्हणाले, आणि थोडी पुढे सरकून बसले.